सांगायचे कधी, गप्प राहायचे कधी?

शुक्रवारची रात्र होती. किद्दूश झाला, नारळाच्या दुधातले कोंबडीचे कालवण पानात पडले, आणि तीन आठवड्यांनी घरी आलेल्या नातवाला मी सहज विचारले, “बाळा, हल्ली कुठे ठेवलंय रे तुम्हाला?” त्याने घास हातातच धरला, एकदा आईकडे पाहिले आणि म्हणाला, “आजी, ते सांगता येत नाही.”

मी पुढे काही विचारले नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही. मुंबईला शिकले, इथे येऊन तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. दोन्हीकडे मुलांना एकच सांगत आले की खरे बोला, काही लपवू नका. आणि आता माझाच नातू माझ्यापासून काही लपवतो, आणि तो चूक करतो आहे असे मला म्हणवत नाही. तो मला खोटे सांगत नव्हता, फक्त सांगत नव्हता. पण ‘न सांगणे’ केव्हा योग्य आणि केव्हा पाप? वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात असा एखादा मुलगा, मुलगी, नातू, भाचा असतोच. म्हणून हा प्रश्न आपल्यापुढे मांडते.

तो विचार करताना मला पुन्हा पुन्हा एक जागा आठवली. काही वर्षांपूर्वी लेकीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा जावयाने आम्हाला डेव्हन परगण्यातल्या समुद्रकाठी नेले. टॉरक्रॉस नावाचे लहानसे गाव, शेजारी लांबच लांब किनारा. त्याचे नाव स्लॅप्टन सँड्स, पण तिथे वाळू कमी आणि गोटेच फार. किनाऱ्यामागे एक उथळ तळे आहे. आणि गाड्या उभ्या करायच्या जागेजवळ काळ्या रंगाचा एक अमेरिकन शेरमन रणगाडा उभा आहे. समुद्रात पडून राहिलेला, नंतर वर काढलेला. हा रणगाडा इथे कसा आला, ही गोष्ट आधी सांगते.

१९४४ साली हिटलरच्या ताब्यातल्या फ्रान्सवर उतरायची तयारी इंग्लंडात चालली होती. त्या वर्षीच्या मे महिन्याअखेर ब्रिटनमध्ये सुमारे १५ लाख अमेरिकन सैनिक होते. एवढी माणसे, रणगाडे, दारूगोळा आणि जहाजे एका लहान बेटावर साठली होती. हल्ला होणार हे जर्मनांनाही ठाऊक होते. कुठे आणि केव्हा, एवढेच त्यांना कळू द्यायचे नव्हते. त्यासाठी १ एप्रिल १९४४ पासून वॉशच्या आखातापासून थेट लँड्स एंडपर्यंत, किनाऱ्यापासून दहा मैल आतपर्यंतच्या पट्ट्यात बाहेरच्या माणसांना जायला बंदी झाली. मित्रराष्ट्रांच्या वकिलातींची पत्रेसुद्धा तपासली जाऊ लागली. अमेरिकेच्या हवाई दलाचे मेजर जनरल हेन्री मिलर लंडनच्या एका मोठ्या हॉटेलात जेवताना, हल्ला १५ जूनच्या आत होईल असे बोलून गेले. ते सेनापती आयझेनहॉवर यांचे लष्करी महाविद्यालयातले वर्गबंधू. आयझेनहॉवरनी त्यांचा हुद्दा कर्नलपर्यंत खाली आणला आणि त्यांना अमेरिकेला परत पाठवले.

नॉर्मंडीत अमेरिकन सैन्य जिथे उतरणार होते त्यांपैकी एका किनाऱ्याचे सांकेतिक नाव होते ‘यूटा’. स्लॅप्टनचा किनारा त्याच्यासारखा होता: समोर समुद्र, मागे पाणथळ जमीन. म्हणून तालीम इथे करायचे ठरले. नोव्हेंबर १९४३ मध्ये आसपासच्या गावांतल्या लोकांना देवळांत बोलावून सांगण्यात आले की २० डिसेंबरच्या आत घरे रिकामी करा. ३०,००० एकर जमीन आणि सुमारे ३,००० माणसे. कापणी होऊन घरात आलेले धान्य, गुरे, म्हातारी माणसे, सगळे घेऊन निघायचे. जागा सैन्याच्या सरावासाठी हवी एवढेच त्यांना कळले. कोणता किनारा, कोणता दिवस, हे कोणी सांगितले नाही. लोक कुरकुरले, रडले आणि गेले.

एप्रिल १९४४ च्या अखेरीस तिथे ‘टायगर’ नावाची मोठी तालीम झाली. २७ एप्रिलच्या रात्री रणगाडे आणि सैनिक वाहून नेणारी आठ मोठी जहाजे लाईमच्या उपसागरातून स्लॅप्टनकडे येत होती. त्यांवर मुख्यतः इंजिनिअर पथकांतली आणि रसद पुरवणारी मुले होती. संरक्षणाला दोन ब्रिटिश युद्धनौका हव्या होत्या. एकीला आधी टक्कर होऊन भोक पडले होते, म्हणून ती प्लिमथला दुरुस्तीला गेली. राहिली एकच. त्यातून लेखनिकाच्या चुकीमुळे जहाजांना रेडिओची भलतीच कंपनसंख्या कळवली गेली होती. संरक्षक नौका एका लाटेवर बोलत होती आणि ही जहाजे दुसऱ्याच लाटेवर कान लावून बसली होती.

२८ एप्रिलच्या पहाटेच्या काळोखात शेरबुर्गहून निघालेल्या नऊ जर्मन टॉर्पेडो-बोटी त्यांच्यावर येऊन पडल्या. दोन जहाजे बुडाली, तिसरे पेटले पण कसेबसे डार्टमथला पोचले. मुलांनी पाण्यात उड्या मारल्या. पुष्कळांना तरंगण्याचे पट्टे कसे बांधायचे हे कोणी नीट शिकवलेच नव्हते. ते काखेखाली बांधायचे ते त्यांनी कमरेला बांधले. पाठीवर जड ओझे, त्यामुळे डोके खाली आणि पाय वर होऊन माणसे बुडाली. बाकीची थंडीने गेली. हुकूम पुढे निघून जाण्याचा असताना जॉन डॉयल नावाच्या एका कप्तानाने आपले जहाज मागे वळवले आणि शंभराहून अधिक मुलांना पाण्यातून बाहेर काढले. मेलेल्यांचा आकडा आज ७४९ धरला जातो. पुढे ६ जूनला खऱ्या यूटा किनाऱ्यावर उतरलेल्या चौथ्या डिव्हिजनचे त्या दिवशीचे मृत आणि जखमी मिळून सुमारे २०० होते. लढाईपेक्षा तालीम महाग पडली.

आणि मग शांतता. वाचलेल्यांना सांगण्यात आले की या रात्रीबद्दल कुठे बोलाल तर लष्करी न्यायालयापुढे उभे राहाल. जखमींना तपासणाऱ्या डॉक्टरांना प्रश्न न विचारता उपचार करायचा हुकूम होता. बेपत्ता माणसांत दहा अधिकारी असे होते की ज्यांना हल्ल्याची जागा ठाऊक होती. त्यांतला एक जरी जर्मनांच्या हाती जिवंत लागला असता तर सगळी मोहीमच धोक्यात आली असती. शेवटी दहाही प्रेते मिळाली, तेव्हा सेनापतींच्या जिवात जीव आला. वाचकहो, प्रेत सापडले म्हणून सुटकेचा श्वास टाकायचा! युद्ध माणसाला कुठे नेऊन सोडते, ते या एका गोष्टीवरून समजावे.

आता प्रश्न असा: ही शांतता योग्य होती का?

मला वाटते, जूनपर्यंत ती योग्यच होती. आपल्या धर्मात जीव वाचवण्यासाठी, ज्याला पिकुआख नेफेश म्हणतात त्यासाठी, शाब्बाथसुद्धा मोडता येतो. मग बातमी का थांबवता येऊ नये? आणि तोराच सांगते की सत्य नेहमीच जसेच्या तसे हातात द्यावे असे नाही. साराला मूल होणार हे ऐकून ती हसली आणि आपला नवरा म्हातारा झाला असे मनात म्हणाली. परमेश्वराने अब्राहामाला ते सांगताना नवऱ्याचे म्हातारपण गाळले आणि सारा स्वतःला म्हातारी म्हणाली एवढेच सांगितले. घरातल्या शांतीसाठी शब्द बदलण्याची मुभा आपल्या रब्बींनी यावरूनच काढली. मग लाखो मुलांच्या जिवासाठी शब्द गिळला तर त्यात पाप कसले?

पण इथे मला मुंबईच्या शाळेत ऐकलेली दुसरी गोष्ट आठवते. कुरुक्षेत्रावर अश्वत्थामा मेला असे धर्मराजाने मोठ्याने सांगितले आणि तो हत्ती होता हे हळूच पुटपुटला. द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले. त्या खोट्याने लढाई पुढे सरकली, पण तोपर्यंत जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला. आमचे गुरुजी म्हणत, “गरजेपोटी खोटे बोललात तरी किंमत मोजावीच लागते, फुकटात काही नसते.” मला ते आजही पटते. लढाईतली गुप्तता ही लोकांकडून घेतलेली उसनवारी आहे. नड असेल तर जरूर घ्यावी, पण ती परत करायची असते.

याच एप्रिल महिन्यात युरोपच्या दुसऱ्या टोकाला काय घडत होते ते पाहा. ७ एप्रिल १९४४ रोजी रुडॉल्फ व्र्बा आणि आल्फ्रेड वेट्झलर हे दोन स्लोव्हाक यहुदी तरुण आउश्विट्झमधून निसटले. चालत चालत ते स्लोव्हाकियात पोचले आणि महिन्याअखेर, म्हणजे स्लॅप्टनची मुले बुडाली त्याच सुमारास, त्यांच्या तोंडून ऐकून एक अहवाल लिहिला गेला. छावणी कशी आहे, गॅसच्या खोल्या कशा चालतात, किती माणसे गेली, सगळे त्यात होते. मे महिन्याच्या मध्यापासून हंगेरीतल्या यहुद्यांच्या गाड्या निघाल्या आणि जुलैच्या सुरुवातीपर्यंत सुमारे ४,३७,००० माणसे नेली गेली, बहुतेक सगळी आउश्विट्झला. त्यांतल्या फार थोड्यांना ती गाडी कुठे जाते हे ठाऊक होते. अहवाल कोणाच्या हाती कधी आला, कोणी पुढे दिला, कोणी का थांबवला, हा वाद पुढे इस्राएलच्या न्यायालयापर्यंत गेला आणि आजही मिटलेला नाही. त्यात मी पडत नाही. पण जूनमध्ये स्वित्झर्लंडच्या वर्तमानपत्रांत ती हकीकत येऊ लागली, जगाचा दाब वाढला, आणि गाड्या थांबण्यास त्याचीही मदत झाली, एवढे खरे.

म्हणजे एकाच महिन्यात दोन बातम्या, आणि दोन्ही दबलेल्या. एक दबली म्हणून माणसे जगली. दुसरी लोकांपर्यंत वेळेत पोचली नाही म्हणून माणसे काही न कळता गाडीत चढली. दोन्हीकडे कृती एकच, न सांगणे. मग फरक कशात?

पुन्हा एकदा वर्गात उभी राहिले तर मी फळ्यावर तीन प्रश्न लिहीन.

पहिला: ज्याच्यापासून लपवता त्याचाच जीव त्या माहितीवर अवलंबून आहे का? स्लॅप्टनची बातमी ज्यांच्यापासून लपवली ते जर्मन सेनापती होते; आणि ज्या घरी ती उशिरा गेली, त्या आईबापांचे दुःख लांबले, पण त्यांचा जीव धोक्यात आला नाही. हंगेरीतल्या माणसाचा तर सगळा जीवच त्या माहितीत होता. त्याला न सांगणे म्हणजे त्याच्या हातातली काठी काढून घेणे.

दुसरा: लपवून कोण वाचते? दुसऱ्याचा जीव की आपली खुर्ची? टायगरच्या बाबतीत चुका पुष्कळ झाल्या होत्या आणि गुप्ततेच्या पडद्याआड त्या सहज झाकता आल्या असत्या. पण सैन्याने बाहेर तोंड बंद ठेवले तरी आत डोळे मिटले नाहीत. रेडिओच्या लाटा सर्वांच्या सारख्या केल्या, तरंगण्याचे पट्टे बांधायला शिकवले, पाण्यात पडलेल्यांना उचलण्यासाठी लहान बोटी तयार ठेवल्या. त्यामुळे जूनमध्ये कितीतरी मुले वाचली असतील. घरची गोष्ट चव्हाट्यावर नेऊ नये हे खरे. पण घरात तरी ती बोलली पाहिजे. जे स्वतःपासूनही लपवले जाते ते पुन्हा घडते.

आणि लपवणाऱ्याने जबाबदारी आपल्या डोक्यावर घ्यायला हवी. हल्ल्याच्या आदल्या दिवशी आयझेनहॉवरनी एक चिठ्ठी लिहून खिशातल्या पाकिटात ठेवली होती. मोहीम फसली तर जाहीर करण्यासाठी. सैनिकांनी आपले कर्तव्य केले, दोष असेल तर तो माझा एकट्याचा, असा तिचा आशय. ती वापरायची वेळ आली नाही. पण ज्याच्या खिशात अशी चिठ्ठी आहे, त्याच्या तोंडच्या ‘सांगता येत नाही’ या शब्दांवर विश्वास ठेवायला मी तयार आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड: कधीपर्यंत?

इथे स्लॅप्टनचा हिशेब चुकतो. खरे सांगायचे तर कोणी कायमचे लपवण्याचा कट केला नव्हता. हल्ला झाल्यावर त्याच उन्हाळ्यात ही हानी जाहीर झाली, युद्धाच्या अधिकृत इतिहासातही नोंद झाली. पण नॉर्मंडीच्या मोठ्या बातमीखाली ती लहान ओळ पुरली गेली. १९५४ साली अमेरिकन सैन्याने स्लॅप्टनच्या किनाऱ्यावर दगडी स्मारक उभारले ते घरे सोडून गेलेल्या गावकऱ्यांचे आभार मानण्यासाठी. ते योग्यच झाले. पण त्याच पाण्यात बुडालेल्या मुलांचा त्यावर शब्दही नाही. पुढे टॉरक्रॉसला राहणाऱ्या केन स्मॉल नावाच्या साध्या गृहस्थाला किनाऱ्यावर फिरताना काडतुसे, बटणे, नाणी सापडू लागली. कोळ्यांनी त्याला पाण्यातला रणगाडा दाखवला. १९७४ साली त्याने तो अमेरिकन सरकारकडून ५० डॉलरला विकत घेतला, दहा वर्षे धडपड करून १९८४ साली बाहेर काढला आणि मेलेल्यांची आठवण म्हणून तिथे उभा केला. अमेरिकन सरकारची पाटी लागली ती १९८७ साली. ४३ वर्षांनी!

विल्टशायरमधल्या इम्बर गावाचे तर त्याहून वाईट. अमेरिकन सैन्याच्या सरावासाठी डिसेंबर १९४३ मध्ये तिथल्या सुमारे दीडशे माणसांना बाहेर काढले. युद्ध संपले की परत येऊ, या भरवशावर ती गेली. स्लॅप्टनचे लोक परतले. मोडकी घरे का होईना, पण आपली घरे त्यांना मिळाली. इम्बरचे लोक कधीच परतले नाहीत. गाव आजही सैन्याकडे आहे. देशासाठी दिलेले उसने बुडाले.

म्हणून मला वाटते, मुद्दाम लपवण्याइतकेच, मुदत संपल्यावर सांगायचे राहून जाणे हेही पाप आहे. त्यात दुष्टपणा नसतो, आळस असतो. पण मेलेल्याच्या आईला त्याने काय फरक पडतो?

दुसऱ्या शमुवेलाच्या पुस्तकात रिस्पाची गोष्ट आहे. शौलाच्या सात वंशजांना राजाज्ञेने मारून डोंगरावर टाकले होते, त्यांत तिचे दोन मुलगे. तिने राजाशी भांडण केले नाही. खडकावर गोणपाट अंथरून कापणीच्या दिवसांपासून पाऊस पडेपर्यंत ती बसली. दिवसा पाखरांना, रात्री जनावरांना प्रेतांजवळ येऊ दिले नाही. अखेर दावीद राजाच्या कानी गेले आणि त्याने हाडे गोळा करून नीट पुरली. राज्याचे कारण खरे की खोटे, हे रिस्पाने विचारले नाही. माझी मुले मेली हे झाकू नका, एवढेच तिचे मागणे होते.

आणि आपण बेने इस्राएल हे समजायला कोणाकडे जायला नको. आपली परंपरा सांगते की आपले पूर्वज कोकण किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचले आणि पाण्याने बाहेर टाकलेली प्रेते त्यांनी नवगावला पुरली. त्या बुडालेल्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पण जागा आपण विसरलो नाही. अलिबागकडे गेलेला आपला माणूस अजून तिथे जाऊन उभा राहतो. आपण राहतो त्या देशातही योम हाझिक्कारोनला लढाईत पडलेल्यांबरोबर तालमीत गेलेल्यांची नावे असतात. तो नियम मला फार मोलाचा वाटतो. तालमीत गेलेला मुलगाही कोणाचा तरी मुलगाच असतो.

त्या दिवशी टॉरक्रॉसला मी किनाऱ्यावरचा एक गोटा उचलला आणि रणगाड्याच्या पायाशी ठेवला, आपण कबरीवर ठेवतो तसा. जावई म्हणाला, “आई, इथे कोणी यहुदी होते का, कोणाला ठाऊक!” मी म्हटले, “असतील, नसतील. मुले तर होती.”

नातू रविवारी पहाटे परत गेला. दारात मी त्याला म्हटले, “बाळा, आता सांगू नकोस. पण ज्या दिवशी सांगता येईल त्या दिवशी आठवणीने सांग. मी नसले तर तुझ्या मुलांना सांग.” त्याने मान हलवली आणि पिशवी खांद्यावर टाकली. बस कुठे जाणार हे मी विचारले नाही.